पिशवीत की बशीत

तोरुनच्या या गल्लीत पहाटे चारला
उजेड असतो तो फक्त माझ्या भट्टीच्या खिडकीत.
बाहेर उणे नऊ. व्हिस्तुला काठाकाठानं गोठलेली.
आत पोंचकी कढईतून वर येतात, टम्म,
कमरेला एक गोरी रेघ,
पोटात गुलाबाच्या पाकळ्यांचा मुरंबा.

साडेसहाला दार उघडलं
की कबुल्या सुरू.
"आज माझा चीट डे आहे हं."
"आठवडाभर अगदी शहाण्यासारखी वागलेय."
"बायकोला नका सांगू."
मी चिमटा हातात धरून ऐकते.
कोपऱ्यावरच्या फादरांचं अर्धं काम माझ्या गळ्यात पडलंय;
त्यांच्याकडे क्षमा फुकट,
माझ्याकडे साडेचार झ्वोटी.

पण फसवलं कुणाला?
पैसे मोजून दिलेत, पावती घेतलीत,
मैदा काही तक्रार घेऊन ठाण्यात गेलेला नाही.

तो कोर्दियान बघा, पुलांच्या खात्यातला.
सोमवार ते शुक्रवार समोरच्या फुटपाथनं जातो,
नजर चुकवत,
जणू मी सावकारीण आणि त्याचं व्याज थकलंय.
शनिवारी येतो. सहा घेतो. पिशवीत.
गाडीत बसतो, दिवे बंद, काचांवर वाफ,
आणि सहा मिनिटांत सहा.
चव लागत असेल का त्याला?
चोराला कुठली चव,
त्याचे कान पावलांकडे.
रविवारी मग पळतो बर्फातून, तोंड पाडून,
शिक्षा भोगणाऱ्यासारखा.

हसू नये मी.
तेहतिसाव्या वर्षी मीही कोबीच्या सूपवर होते,
अकरा दिवस.
बाराव्या रात्री कोठीत, दिवा न लावता,
उभ्या उभ्या, हातानं,
चीजकेकचा अख्खा ट्रे.
सकाळी मालकीणबाईंना म्हटलं, उंदीर.
त्यांनी लगेच पिंजरा आणला.
अजून आहे तो, पिठाच्या पोत्यांमागे.
त्यात कधीच काही सापडलं नाही.

माझ्या लहानपणी साखर कार्डावर मिळायची.
लेंटआधीच्या त्या गुरुवारासाठी
आई ती चमचा चमचा बाजूला ठेवायची.
धुतलेला टेबलक्लॉथ, पाच बशा, बारा पोंचकी.
उरलेल्या दोनांवरून आम्ही भावंडं भांडायचो.
बशीतली साखर शेवटी बोट ओलं करून टिपायची,
तेही सगळ्यांसमोर.
दुसऱ्या दिवशी बार्लीचं सूप असायचं.
कुणाला ती शिक्षा वाटली नाही.
तो शुक्रवार होता, एवढंच.

परवा, मंगळवारी, दार वाजलं.
कोर्दियान. बूट ओले. त्याचा वार नव्हता.
"एक."
मी विचारलं, "पिशवीत की बशीत?"
तो बघतच राहिला,
घराचा पत्ता विचारल्यावर आठवू नये तसा.

मग बसला खिडकीशी, एउफेमियाबाईंच्या टेबलावर.
त्या दर मंगळवारी खसखशीच्या रोलचा एक काप खातात,
बिटाचं सूप प्यावं इतक्या सहज,
मध्ये मध्ये औषधाच्या दुकानातल्या रांगेबद्दल बोलत.
त्यांनी त्याच्यापुढे कागदी रुमाल सरकवला,
हनुवटीला मुरंबा लागला होता म्हणून.
बोलणं मात्र थांबवलं नाही.

तो उठला तेव्हा बशीत अर्धं शिल्लक होतं.
"बिघडलं होतं का काही?" मी.
"नाही हो," म्हणाला, आणि कोटाची बटणं लावत राहिला,
एक चुकीच्या काजात.
"बहुतेक पोट भरलं. मला नीटसं ओळखता येत नाही."

शनिवारी आला. सहाच. पिशवीत.
मी काही बोलले नाही; मी पाव विकते, उपदेश नाही.
दारापर्यंत गेला, थांबला,
मागे लोकांची रांग, थंडी आत शिरतेय,
कुणीतरी ओरडलं, दार लावा.
तो परत आला, पिशवीतून एक काढलं,
काउंटरवर ठेवलं.
"हे इथे खातो."

मी बशी पुसली.
उरलेली पाच गाडीत गेली,
त्यांचं काय झालं मला माहीत नाही.